नीरेच्या चाकोरीतली अमेरिकन मोटार

नीरा स्टेशनवरून बारामतीकडे निघाले की निंबूत, वाघळवाडी, करंजेपूल, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे अशी गावे एकामागून एक लागतात. दिवाळी सरली की या रस्त्यावर ऊसच ऊस दिसतो. बैलगाडीत ऊस, ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांत ऊस, ट्रकच्या हौद्याबाहेर लोंबणारा ऊस. सोमेश्वरनगर हे या ओळीतले वयाने लहान ठिकाण. करंज्याच्या सोमेश्वराचे नाव घेऊन सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती वसाहत, बाजारपेठ, मुगुटराव काकडे यांच्या नावाचे महाविद्यालय असा पसारा वाढला. इथल्या रस्त्यांचा इतिहास मात्र कारखान्याहून बराच जुना आहे, आणि त्या इतिहासात अमेरिकन मोटारीचे एक मोठे प्रकरण आहे. मोटारीचा इतिहास आपण संस्थानिकांच्या गॅरेजात शोधत बसतो. माझ्या मते तो घडला ओढ्याच्या फरशीवर, पाणंदीच्या चिखलात आणि तुटलेल्या पाट्यांच्या दुरुस्तीत. बारामती-इंदापूरचा मुलुख त्यासाठी सर्वांत योग्य जागा आहे, कारण खराब रस्ता इथे पाण्याबरोबरच आला.

१८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला. भोर संस्थानातल्या भाटघरच्या धरणातले पाणी पुरंदर आणि बारामतीच्या कोरड्या शिवारांतून इंदापूरपर्यंत पोचले. त्याआधी हा सगळा बाजरी-ज्वारीचा, पावसाच्या भरवशावरचा टापू होता. पाणी आले तसा ऊस आला, गुऱ्हाळे पेटली, गुळाच्या ढेपा नीरेच्या आणि बारामतीच्या बाजाराकडे निघाल्या. हा माल वाहणारी गाडी लाकडी चाकांची आणि लोखंडी धावांची होती. धाव रुंदीला दोन-अडीच बोटे. तेवढ्याशा पट्टीवर एकेका चाकाचा सगळा भार यायचा आणि ती खडी-मुरुमाच्या रस्त्यात सुरीसारखी घुसायची. एका गाडीमागून दुसरी गाडी त्याच चाकोरीतून जाई, कारण चाकोरी सोडली तर बैलांना ओढ जड जाई. दोन हंगामांत चाकोरी वीतभर खोल होत असे.

खालची माती तर याहून घातक. काळी कसदार जमीन उसाला मानवते, पण रस्त्याला अजिबात मानवत नाही. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हे दरवर्षी चालू राहिले की वरची खडी हळूहळू मातीत गडप होते. त्यात कालव्याचा पाझर. नीरेच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि चोपण जमिनींचा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच इतका वाढला होता की दख्खनच्या कालव्यांवर सिंचनाच्या पद्धती सुधारण्याचा विचार सरकारला गांभीर्याने करावा लागला. त्यासाठी १९१६ साली मुंबई सरकारने जो खास विभाग सुरू केला, तोच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला. शेतकऱ्याच्या जमिनीचे जे झाले तेच तिच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचे झाले. पिकाला वरदान ठरलेल्या पाण्यानेच रस्त्याचा पाया खाल्ला.

अशा रस्त्यावर मोटार आली ती कुठल्या देशाची असणार, हे त्या देशाच्या स्वतःच्या रस्त्यांवर ठरले होते. अमेरिका म्हटले की आज आठ पदरी महामार्ग डोळ्यांपुढे येतात. पण १९०४ साली अमेरिकन सरकारने आपल्या ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली तेव्हा २१ लाख ५१ हजार मैलांपैकी जेमतेम १ लाख ५४ हजार मैल रस्ते कोणत्याही अर्थाने सुधारलेले निघाले. म्हणजे शंभरातले सात. उरलेले सगळे मातीचे. वसंतात बर्फ वितळले की मिसुरी आणि आयोवामधला शेतकरी आपल्या पाणंदीतल्या शेतकऱ्याइतकाच अडकून पडे. १९१९ साली अमेरिकन लष्कराने वॉशिंग्टनहून सान फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारींचा तांडा नेला. त्याला ६२ दिवस लागले. वाटेत ट्रक चिखलात रुतले, वाळूत फसले, लाकडी पूल मोडून खाली गेले. त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. या माणसाकडे पुन्हा यायचे आहे.

हेन्री फोर्डने १९०८ साली बाजारात आणलेली ‘मॉडेल टी’ ही या चिखलाची मोटार होती. जमिनीपासून पोटापर्यंत सुमारे १० इंचांची उंची, मोठ्या व्यासाची अरुंद चाके, व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादामुळे हलका पण चिवट सांगाडा, वीस अश्वशक्तीचे इंजिन. पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे पाटे. पुढची दोन चाके वेगवेगळ्या उंचीवर गेली तरी सांगाडा पिळवटत नसे, गाडी अंग वळवून पुढे सरके. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घोडागाड्यांच्या चाकोऱ्या जास्त रुंद होत्या, म्हणून १९१६ पर्यंत फोर्ड तिथल्या गिऱ्हाइकांना ५६ ऐवजी ६० इंची आसाची गाडी बनवून देत असे. मला या गाडीबद्दलची ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. रस्ता जसा आहे तसा मान्य करून कारखान्याने आपली गाडी त्याच्या मापाची केली.

ब्रिटिश मोटार वेगळ्या जगात जन्मली. इंग्लंडचे रस्ते चांगले होते आणि तिथला कर वाईट. १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर लागला, आणि ही अश्वशक्ती मोजायची ती इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून. साहजिकच ब्रिटिश कारखानदार अरुंद सिलिंडरची, छोट्या इंजिनाची, जमिनीलगतची गाडी बनवू लागले. इंग्लंडातल्या गुळगुळीत रस्त्यावर ती सुरेख चाले. दख्खनच्या चाकोरीत तिचे पोट मधल्या उंचवट्याला घासे, चढावर इंजिन दमे आणि पाटे मोडत. हिंदुस्थान ब्रिटिशांच्या ताब्यात होता, तरी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इथे येणाऱ्या मोटारींत वरचष्मा राहिला तो अमेरिकन बनावटीचा. साम्राज्याच्या दुकानदारीचा हा पराभव होता, आणि त्यामागे कुठली चळवळ किंवा बहिष्कार नव्हता. रस्त्यानेच तो घडवून आणला.

या ‘अमेरिकन’ गाड्यांचा मोठा भाग प्रत्यक्षात कॅनडातून येई. साम्राज्यातल्या बाजारपेठांचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते. पुढे जहाजातून अख्ख्या गाड्या आणण्याऐवजी पेट्यांतून सुटे भाग आणून इथे जोडणे स्वस्त पडू लागले. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डही पाठोपाठ आली. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे शेवर्ले हे नाव त्या काळात मुंबई इलाख्याच्या तालुक्यातालुक्यांत पोचले.

खेड्यात ते पोचले ‘सर्व्हिस मोटारी’च्या रूपाने. एस.टी.च्या आधीची ही प्रवासी वाहतूक. एखाद्या व्यापाऱ्याने किंवा धाडसी ड्रायव्हरने फोर्डचा किंवा शेवर्लेचा सांगाडा घ्यायचा, त्यावर सुताराकडून लाकडी बॉडी चढवून घ्यायची, बाकडी ठोकायची आणि स्टेशन ते तालुक्याचे गाव अशी फेरी सुरू करायची. सुटण्याची वेळ म्हणजे गाडी भरण्याची वेळ. क्लीनरने पुढे हँडल मारायचे, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, चढ आला की मागच्या चाकामागे दगड घेऊन धावायचे. पाटा तुटला तर लाकडाची चिप घालून दोरीने आवळून गाडी पुढच्या गावापर्यंत न्यायची. तिथला लोहार, जो कालपर्यंत बैलगाडीच्या धावा चढवत होता, तोच पाट्याचे पान तापवून बाक देई. अमेरिकन गाडीचा लौकिक या लोहारामुळेही टिकला. तिची बनावट इतकी सरळ होती की ज्याने ती कधी पाहिली नाही त्याच्याही हाताला ती समजत असे. ‘मॉडेल टी’त पेट्रोल पंप नव्हता. टाकीतून तेल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचे. फार खडा चढ लागला आणि टाकीत तेल कमी असले तर गाडी उलटी वळवून मागच्या मागे चढवावी लागे. पण त्या गैरसोयीचे कारण ड्रायव्हरला ठाऊक असे आणि उपायही. अशी गैरसोय माणूस सोसतो.

रस्त्याकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. रेल्वेत ब्रिटिश भांडवल गुंतले होते, रस्त्यांत नव्हते. रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीचा मुद्दा साधा होता: जिल्ह्यांच्या तिजोऱ्यांना हा बोजा पेलणारा नाही, म्हणून मोटार चालवणाऱ्याने जाळलेल्या पेट्रोलवरच्या जादा करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी काढावा. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा हा अधिभार सुरू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे १९४३ च्या नागपूर योजनेने स्वप्न पाहिले की शेतीच्या प्रगत भागातले कुठलेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. जयकरांना आपण कायदेपंडित आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. ग्रामीण महाराष्ट्राने त्यांना रस्त्यांसाठीही ओळखायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

आता या मुलुखाशी नाते असलेली दोन माणसे. पहिले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण होण्यापूर्वी त्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली. पुण्यात असताना त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, आणि नीरा कालव्यासाठी सिंचनाची ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. ठरावीक गट पाडून, त्यात पिकांची फेरपालट करून पाणी वाटायचे, म्हणजे मूठभरांच्या उसाने सगळे पाणी पिऊन टाकू नये आणि जमीन चोपण होऊ नये. बारामतीच्या जुन्या बागायतदारांच्या बोलण्यात ब्लॉक हा शब्द घरचा होता. याच विश्वेश्वरय्यांनी १९३५ साली, वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेले असताना, युरोप-अमेरिकेचा दौरा केला, डेट्रॉइटचे कारखाने पाहिले आणि परत येऊन मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची तपशीलवार योजना मांडली.

दुसरे वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा. लक्ष्मणराव फाटक या एकेकाळच्या रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारी करून ते कंत्राटदार झाले, बोरघाटातले बोगदे खणले, पुढे सिंदिया जहाज कंपनीच्या उभारणीत पडले. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला त्यांनी ओसाड माळरान विकत घेऊन कंपनीची शेती सुरू केली. १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर साखरेचे दिवस पालटले आणि त्या दशकात तिथे साखर कारखाना उभा राहिला. तेच आजचे वालचंदनगर. नीरेच्या पाण्याने पिकलेला ऊस, काळ्या मातीतले रस्ते आणि कारखान्याच्या वेळापत्रकाला बांधलेली वाहतूक ही सगळी अडचण या उद्योगाच्या दारातच होती. विश्वेश्वरय्यांची योजना हाती घेण्यासाठी पुढे आलेला उद्योगपती हाच असावा, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसते. त्या मुलुखात ज्याचे भांडवल गुंतले आहे त्याला ट्रकची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण हिंदुस्थानचे हक्क कॅनडाच्या कंपनीकडे, तिथे गाडे अडले. क्रायस्लर तयार झाली आणि १९४० मध्ये करार ठरला. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने या कल्पनेला पाठबळ दिले होते, पण महायुद्ध सुरू झाल्यावर काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली, आणि दिल्लीच्या सरकारने यंत्रसामग्रीच्या आयातीला हातभार लावायचे नाकारले. युद्धाला ट्रक हवे होते, ते इथे तयार होऊ शकले असते, तरी ते परदेशातूनच आणले गेले. याच प्रवासांत वालचंदांना विमान व्यवसायातले अमेरिकन विल्यम पॉली भेटले आणि त्यातून १९४० अखेर बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला. विमानाला परवानगी आणि मोटारीला नकार, असा तो काळ होता. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी.

युद्धाची वर्षे सर्व्हिस मोटारींना फार कठीण गेली. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. कोळसा पेटवून त्याच्या वायूवर इंजिन चालवायचे, तासभर आधी भट्टी फुंकायची, आणि एवढे करून निम्मी ताकद मिळायची. जुन्या शेवर्ले आणि फोर्ड यांनी हेही सोसले. युद्ध संपले तेव्हा अमेरिकन लष्कराने पूर्व आघाडीवर आणलेले ट्रक आणि जीप डिस्पोजलमध्ये विकायला निघाले. लष्करात ड्रायव्हर झालेली आणि आसाम-ब्रह्मदेशच्या चिखलात या गाड्या हाकून आलेली मराठी पोरे गावी परतली होती. गाडीही आली आणि गाडी जाणणारा हातही आला.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेवर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, बेडफर्ड, लेलँड, मॉरिस, आल्बियन, फियाट अशा दहाएक बनावटींची भेळ होती. मेकॅनिकची काय तारांबळ होत असेल याची कल्पना करावी. अमेरिकन आणि ब्रिटिश बनावटी एकाच खात्यात, एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी धावल्या.

प्रीमियरने जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. क्रायस्लरचे त्या वेळचे प्रमुख के. टी. केलर यांचा हट्ट होता की हॅट घातलेल्या माणसाला मोटारीत सरळ बसता आले पाहिजे. म्हणून १९४९ पासूनच्या त्यांच्या गाड्या उंच, ताठ, पेटीसारख्या राहिल्या. अमेरिकेत लोक तोवर लांब, बसक्या गाड्यांच्या मोहात पडले होते आणि केलरच्या गाड्यांना तिथे नाके मुरडली गेली. इकडे तोच गुण ठरला. छत उंच, आसन उंच, पोट जमिनीपासून वर. फेटा बांधलेला माणूस फेट्यासकट आत बसू शके, आणि ओढ्यातून गाडी काढताना खालचा दगड इंजिनाच्या तेलाच्या तसराळ्याला लागत नसे. डेट्रॉइटला जुनाट वाटलेली मोटार बारामतीसाठी अगदी योग्य मापाची होती.

पण त्याच सुमारास अमेरिकन मोटारीचा हा लौकिक आतून पोखरू लागला. कारण पुन्हा रस्ताच. १९१६ आणि १९२१ च्या कायद्यांनी अमेरिकेचे केंद्र सरकार रस्त्यांत उतरले होते. आता १९५६ मध्ये आयझेनहॉवर, १९१९ च्या तांड्यातला तोच अधिकारी, राष्ट्राध्यक्ष म्हणून ४१ हजार मैलांच्या महामार्गांचा कायदा मंजूर करून मोकळे झाले. चिखल गेला तशी चिखलाची मोटारही गेली. अमेरिकन गाडी लांब, रुंद आणि खाली खाली जाऊ लागली. १९५७ च्या क्रायस्लर गाड्या पाहिल्या तर केलरच्या पेटीचा मागमूस दिसत नाही. ती नवी गाडी आपल्याकडे थोडीफार आली ती मुंबईच्या श्रीमंतांकडे आणि सिनेमाच्या पडद्यावर. नीरेच्या खोऱ्यात तिचे काय काम?

इथे दुसरीही कारणे जमा झाली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितले की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, सुटे भाग इथेच बनवणाऱ्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५३ च्या एप्रिलमध्ये वालचंदही गेले. प्रीमियरने छोट्या गाडीसाठी इटलीच्या फियाटचा हात धरला. १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक सुरू केले आणि माल वाहतुकीचे गणितच बदलले. अमेरिकन ट्रक पेट्रोलचा, आणि पेट्रोल महाग. ऊस म्हणजे वजनाला भरपूर आणि किमतीला कमी असा माल. त्याच्या वाहतुकीत पेट्रोल परवडणे शक्य नव्हते. प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो ट्रकना पर्किन्सची डिझेल इंजिने बसली, काही वर्षे त्यांनी तग धरली, पण मोठा बाजार टाटांकडे गेला. एवढे खरे की या माघारीत रस्त्याने अमेरिकन गाडीला हरवले नव्हते. तिचे इंजिन तहानलेले निघाले.

एक अमेरिकन गाडी मात्र गेली नाही. जीप. १९४० मध्ये लष्कराच्या मागणीवरून घाईघाईने आखलेली, चारही चाकांना ताकद देणारी, विलीज आणि फोर्ड यांनी युद्धात सहा लाखांवर बनवलेली ही गाडी. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला हिंदुस्थानच्या खरेदी मोहिमेवर होते, तिथे त्यांनी ती पाहिली. १९४९ मध्ये माझगावला महिंद्रच्या कारखान्यात विलीज जीप जोडली जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली. तिला अमेरिकेचे तांत्रिक साहाय्य होते, आणि ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणात फोर्ड फाउंडेशनचा पैसा. गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडी तिथून जुळली ती कायमची. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, जीप वाढल्या.

सहकारी साखर कारखान्यांचा काळ तोच. १९५० च्या प्रवरेच्या सहकारी कारखान्यानंतर दहा-बारा वर्षांत बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर उभे राहिले. कारखान्याची जीप म्हणजे शेतकी अधिकाऱ्याची जीप, आणि तिचे काम रस्त्यावर कमी, शिवारातच जास्त. ऊस तोडीला आला का, कुठल्या गटाला आधी तोड द्यायची, पावसाने पाणंद बंद झाली असेल तर कोणत्या बांधावरून गाड्या काढायच्या, हे पाहण्यासाठी ती कालव्याच्या भरावावरून, चाऱ्यांच्या कडेने, उभ्या पिकाच्या अंगाला घासत जाई. ‘मॉडेल टी’नंतर एवढ्या जवळून या मातीला भिडलेली दुसरी अमेरिकन वस्तू नाही. तिला काच नसली तरी चाले, दरवाजे नसले तरी चाले. मला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे तो तिच्या रुबाबामुळे नाही. तिने शिवाराला रस्त्याची वाट पाहायला लावली नाही.

रस्ते १९७२ च्या दुष्काळाने दिले. बारामती-इंदापूरच्या जिरायत गावांत बायामाणसे दुष्काळी कामांवर उन्हात खडी फोडायला बसली. रोजगार हमीच्या विचाराला याच काळात वेग आला, कायदा १९७७ चा. मैलोन्‌मैल माती-मुरुमाचे भराव टाकले गेले. पुष्कळ रस्त्यांवर पुढचा खडीचा थर किंवा डांबर वर्षानुवर्षे पडले नाही आणि पावसाळ्यांनी ते धुऊन नेले. हा दोष घाम गाळणाऱ्यांचा नव्हता. दुष्काळ संपला की रस्त्याचीही आठवण संपायची, ही राज्यकारभाराची खोड होती, आणि ती पुरती गेलेली नाही. तरी आज पाणंदीला जो आकार आहे त्यातला बराचसा त्या हातांनी दिलेला आहे.

दरम्यान लोखंडी धावांची गाडी जाऊन टायरगाडी आली. बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या त्या गाड्यांनी चाकोरी खणणे थांबवले. पण त्यांच्यामागून ट्रॅक्टर आला, मग दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. रस्त्याला यापासून किती इजा होते हेही अमेरिकेनेच मोजून ठेवले आहे. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या ड्रायव्हरांनी लादलेले ट्रक अहोरात्र फिरवले. निष्कर्ष असा निघाला की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती साधारण सोळापट होते. काळ्या मातीवर, पाझराच्या शेजारी, जादा भरलेल्या ट्रॉलीला हा हिशेब लावून पाहावा. खड्ड्यांना ठेकेदार जबाबदार असतो तसा ट्रॉलीवर चढवलेला शेवटचा टनही असतो. उसाचे पैसे वजनावर मिळतात, म्हणून तो टन चढतो.

अमेरिकन कंपन्या परत आल्या तेव्हा त्या पुणे जिल्ह्यातच आल्या. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना सुरू केला. शेवर्लेची तवेरा या भागात वडापलाही चालली आणि लग्नाच्या वऱ्हाडालाही. २०१७ मध्ये कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीला तळेगावचे उत्पादनही, आणि ती जागा पुढे ह्युंदाईकडे गेली. बारामतीच्या एमआयडीसीत तयार होणारी गाडी इटालियन पियाजिओची तीनचाकी आहे. क्रायस्लर स्वतः फियाटच्या हाती गेली आणि त्या घराण्याची जीप २०१७ पासून शिरूर तालुक्यात रांजणगावला बनते. वालचंदांनी आधी क्रायस्लर आणि त्यांच्या कंपनीने नंतर फियाट धरली होती, ती दोन्ही नावे अशी एका छताखाली आली.

रांजणगावची जीप सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर क्वचित दिसते, तिची किंमतच तशी आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या फाटकाशी, गट कार्यालयांपुढे आणि पाणंदीच्या तोंडाशी उभी असते ती बोलेरो. विलीजच्या परवान्यावर माझगावला सुरू झालेल्या घराण्यातली, शिडीसारख्या सांगाड्याची, उंच पोटाची. तिच्या मागच्या चाकांवर अजून पाटेच आहेत, आणि ते तुटले तर नीरेपासून बारामतीपर्यंत कुठल्याही गॅरेजात बदलून मिळतात.